टिकल्याच्या बदल्यात

॥ श्री ॥
बोदलकसा, ता. २ डिसेंबर १९३६

ति. रुख्माबाईस धाकटा भाऊ श्यामलाल याचा शि. सा. न. वि. वि. तुमच्या आशीर्वादाने इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. क्षेम काही नाही.

वरचे गाव वाचून तू बुचकळ्यात पडली असशील. मी आता गोंदियात नाही. चुन्नीलाल सेठनी मला देऊन टाकले. हाकलले असते तर एक वेळ चालले असते. बोदलकशाच्या मालगुजारांना मला दिले आणि त्यांच्याकडून बदल्यात बैल घेतला. जोडी नव्हे, बाई. एक बैल!

तुला ठाऊकच आहे, सेठच्या राईस मिलमध्ये मी कागदावर तोलाईवाला असलो तरी चार वर्षांत तराजूला हात लावलेला नाही. मला पगार मिळतो तो मिलच्या टीममध्ये डाव्या बाजूने धावत जाऊन गोल मारण्याचा. दिवाळीनंतर भंडाऱ्याहून कप आणला, त्या सामन्यातले दोन्ही गोल माझे. सेठनी स्वतः माझ्या गळ्यात हार घातला, पाठ थोपटली, मिठाई वाटली. आणि सोमवारी सकाळी मुनीम खोलीवर येऊन म्हणाला की सेठजींचा हुकूम आहे, बिस्तर बांधो, गाडी उभी आहे. मला वाटले कुठे सामन्याला जायचे. मी आनंदाने पायाच्या पट्ट्यासुद्धा घेतल्या!

बाहेर येऊन पाहतो तर गाडीमागे बांधून आणलेला एक पांढराशुभ्र बैल सोडत होते. कपाळावर काळा टिळा, गळ्यात घुंगरांचा पट्टा, अंगावर झूल. सेठ त्याच्या पाठीवरून हात फिरवण्यात इतके गुंग होते की माझ्याकडे पाहायला त्यांना फुरसत झाली नाही. माझी वळकटी त्याच गाडीत चढवली. आमचा गोलकीपर मंगरू गाडीचे चाक धरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. त्याच्याकडून मला खरी हकीकत कळली. सेठना यंदा शंकरपटात बैल पळवायचे वेड लागले आहे. मंडईच्या जत्रेतल्या पटात त्यांची जोडी हरली आणि लोक हसले. इकडे मालगुजार केवलरामजींना नागपूरला सामने पाहून फुटबॉलचे वेड लागलेले. दोघे वेडे तिरोड्याच्या बाजारात भेटले आणि हातावर हात मारून मोकळे झाले. मला कोणी विचारले नाही. बैलालाही नसेल विचारले म्हणा.

आणि मी मुकाट्याने गाडीत बसलो, बाई. हे सगळ्यांत वाईट. दिवसभर त्या बैलाच्या उरलेल्या तणसावर बसून आलो.

आता मला तो फुटबॉल नको. भाऊजींना विचार, नांगराला माणूस हवा आहे का. बैलाच्या किमतीचा माणूस बैलाचे काम नीट करील. तुझे उत्तर येईतो मी चेंडूला पाय लावणार नाही, अशी शपथ घेतली आहे. मायला यातले अक्षर कळू देऊ नकोस. भाऊजींना हे पत्र वाचून दाखवताना बैलाचा मजकूर गाळ.

लोभ आहेच, तो कोणाशी अदलाबदल करू नये ही विनंती.

तुझा
श्यामलाल


॥ श्री ॥
केशोरी, ता. ९ डिसेंबर १९३६

चि. श्यामलाल यास रुख्माचे अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र बाजाराच्या दिवशी मिळालं. माझ्या अक्षराला हसू नकोस. कोळशाने भिंतीवर गिरवून तूच शिकवलेलं आहे, त्यामुळे दोष तुझ्याकडे येतो.

बैलाचा मजकूर गाळ म्हणून तू लिहिलंस ते पत्राच्या शेवटी. मी वाचत गेले वरून खाली. त्यामुळे ते वाक्य येईपर्यंत तुझे भाऊजी खळ्यावरून उठून उभे राहिले होते. कपाळावर काळा टिळा म्हटल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं आणि तो मजकूर तीनदा वाचायला लावला. मग म्हणाले की हा तर टिकल्या! बोदलकशाचा टिकल्या! तीन वर्षं पटात पळून राहिला, एकदाही दुसरा नाही आला. स्वतः धुरकरी म्हणून छकड्यावर उभं राहून जोड्या हाकलेला माणूस, त्यांचा शब्द खोटा कसा म्हणू? हातातलं सूप खाली ठेवून गावात जे निघाले ते अंधार पडायच्या आत अर्धी केशोरी घेऊन आले.

श्यामलाल, गावात गूळ वाटला रे! जो येतो तो म्हणतो, आपल्या गावचा पोरगा टिकल्याच्या बरोबरीचा निघाला. तू चिडला आहेस असं मी सांगितलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. काऊन चिडून राहिला म्हणे, टिकल्याच्या बदल्यात तर आम्ही आमच्या घरचे चार माणसं देऊ आणि वर जेवण घालू. तुझ्या भाऊजींनी तर शेजाऱ्याला सांगितलं की टिकल्याच्या बदल्यात मलाही कोणी मागितलं तर मी जाईन. हे मी ऐकलं, आणि ते लक्षात ठेवलं आहे.

खरं सांगू का, तू तिकडे काय करतोस हे इथे कोणाला कधी कळलंच नव्हतं. चामड्याच्या भोपळ्यामागे धावायचा पगार मिळतो हे सांगायची मायला लाज वाटायची. ती सगळ्यांना सांगे की पोरगा मिलमध्ये तोलाईला आहे. आता पहिल्यांदा तिला माप सापडलं आहे. माय देवळापर्यंत जाऊन आली, आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक दाराशी थांबली.

तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते. टिकल्याला तिथे रोज दूध, अंडी आणि उडदाचा आटा मिळत होता असं जवाई सांगतात. त्याच्या जागी तू गेला आहेस तर तेवढंच तुलाही मिळालं पाहिजे, कमी देत असतील तर तसं कळव, ती स्वतः येऊन मालगुजारणीशी बोलेल. धमकी समजू नकोस, ती खरंच येईल.

माझं म्हणशील तर त्या गुळाने माझं तोंड गोड झालं नाही. तू का पेटलास ते मला कळतं. पण नांगराला ये असं मी आज लिहिणार नाही. चार दिवस राहा, तिथली माणसं बघ आणि मग मला लिही. पोटाला मात्र उपाशी ठेवू नकोस. तुझ्यावर आमचा जीव आहे तो बैलाच्या आधीपासून, एवढं ध्यानात असू दे.

तुझी बहीण
रुख्मा


॥ श्री ॥
बोदलकसा, ता. १५ डिसेंबर १९३६

ति. रुख्माबाईस श्यामलालचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचले. केशोरीत गूळ वाटला हे वाचून मी अर्धा दिवस कोणाशी बोललो नाही. तसा इथे मी कोणाशी बोलतच नाही, त्यामुळे कोणाला फरक जाणवला नाही.

माझी खोली टिकल्याच्या गोठ्याला लागून आहे. त्याची दावण, त्याची गव्हाण, त्याच्या शिंगांना लावायचा रंग सगळे जागच्या जागी आहे. गावातले लोक येतात, गव्हाणीकडे पाहून उसासा टाकतात आणि मग माझ्याकडे पाहतात. कोणी वाईट बोलत नाही. पण एका म्हाताऱ्याने माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि मान हलवून निघून गेला. मालगुजारीणबाई सुलोचनाबाईंनी टिकल्याला वासरू असल्यापासून हाताने चारले होते. पहिले दोन दिवस त्या माझे ताट वाढत आणि डोळ्याला पदर लावत. त्यांना मी काय सांगणार? तुमचा बैल मी मागितला नव्हता, असे तोंडावर आले होते. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी न बोलता दुधाचा भला मोठा पेला समोर ठेवायला सुरुवात केली. मायला सांग, अंडीही आहेत. उडदाचा आटा मी नको म्हटले.

मालगुजार माणूस सरळ आहे. त्यांनी मला टीम दाखवली. बाई, ती टीम पाहून रडावे की हसावे! अर्धे तलावावर मासे धरणारे ढीवर आणि अर्धे त्यांच्या घरचे नोकर. सगळे धान कापलेल्या एका बांधीत खेळतात. चारही बाजूंना बांध असल्यामुळे चेंडू कधी बाहेर जातच नाही. बांधाला लागून आपोआप परत येतो. मैदान मोकळे असते हे त्यांना माहीतच नाही. सुकराम नावाचा एक ढीवर आहे, त्याचे पाय चेंडूला लागत नाहीत, पण हात लागल्याशिवाय राहत नाहीत. त्याला किती वेळा सांगितले तरी तो चेंडू मासा असल्यासारखा पकडतो.

म्हणजे मी सांगितले नाही, मालगुजार सांगतात. मी शपथ घेतली आहे ना! मी बांधावर बसून असतो. मालगुजारांना स्पष्ट म्हटले की पगार देता तर शेतावरचे कोणतेही काम सांगा, पण खेळणार नाही. त्यांनी का म्हणून विचारले, तर मी नुसता तलावाकडे पाहत राहिलो. संक्रांतीला गोंदियात शिल्डचा सामना आहे आणि आमची पहिलीच गाठ चुन्नीलाल सेठच्या टीमशी पडली आहे. त्याचसाठी त्यांनी टिकल्या दिला. आता ते बिचारे रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बांधावर येऊन बसतात आणि काही न बोलता उठून जातात.

पाय शिवशिवतात, खोटे कशाला बोलू! काल सुकरामने असा एक चेंडू वाया घालवला की मी बांधावरून उडी मारणार होतो. धोतराचा सोगा बाभळीच्या काट्यात अडकला म्हणून शपथ वाचली.

आता तरी लिही, येऊ का? भाऊजींना नमस्कार. टिकल्याच्या बदल्यात ते जाणार असले तर त्यांची जागा मला दे.

तुझा
श्यामलाल


॥ श्री ॥
केशोरी, ता. २१ डिसेंबर १९३६

चि. श्यामलाल यास रुख्माचे अ. उ. आ. वि. वि. हे पत्र मी एकटीने बसून लिहिते आहे आणि कोणाला वाचून दाखवणार नाही. तूही दाखवू नकोस.

तू दोन पत्रं भरून बैल बैल लिहिलंस. तुझं दुखणं बैलाचं नाही. उद्या तुला दोन हत्तींच्या बदल्यात दिलं असतं तरी तू असाच बांधावर बसला असतास. तुला विचारलं नाही, हे तुझं दुखणं आहे. हो की नाही?

मला ते कळतं, कारण तुझ्याआधी अकरा वर्षं मी बदल्यात गेले आहे. तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास, मांडवात बुंदी खात फिरत होतास. दादाचं लग्न जमत नव्हतं. आपल्याच गावातल्या खालच्या टोलीत प्रेमिला होती, तिला भाऊ होता. मोठ्यांनी ओसरीवर बसून साटंलोटं ठरवलं. प्रेमिला आपल्या दादाला आणि मी तिच्या भावाला. एकाच दिवशी दोन लग्नं, वाजंत्री तीच, आचारी तोच. प्रेमिला वरच्या टोलीत चढली आणि मी खालच्या टोलीत उतरले. वाटेत आमची गाठ पडली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून आधी रडलो आणि मग हसलो.

तुझे भाऊजी वाईट नव्हते. पण मी महिनाभर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. भाकरी थापायची, पाणी भरायचं, आणि तोंड मिटून बसायचं. मला वाटे, सगळ्यांना कळत असेल मी का गप्प आहे. कोणाला काही कळत नव्हतं. सासूबाईंना वाटलं माझ्या दाढा दुखतात, त्या रोज लवंग आणून द्यायच्या.

मग मृग लागला. हे धानाचं बी घेऊन निघाले आणि दारात थांबून मला विचारलं की तळ्याकडच्या बांधीत लुचई टाकू की हिरानक्की? घरात सासरे होते, दीर होते, पण विचारलं मला. मी म्हटलं लुचई. माझं ते पहिलं बोलणं. त्या वर्षी लुचई काही बरी पिकली नाही, श्यामलाल, अगदीच हलकी निघाली. यांनी त्याचा आजवर उल्लेख केला नाही. त्या दिवसापासून मी या घरातली झाले.

म्हणून सांगते, गप्प बसून कोणी विचारत नाही. तुझे मालगुजार रोज येऊन बसतात म्हणतोस. त्यांनी का म्हणून विचारलं तेव्हा तू तलावाकडे पाहिलंस. तलाव काय उत्तर देणार होता? तोंड उघड आणि सांग त्यांना की मला विचारलं नाही, म्हणून मी खेळत नाही. मग ते विचारतील, किंवा नाही विचारणार. नाही विचारलं तर त्याच दिवशी निघून ये, तळ्याकडची बांधी तुझी. विचारलं तर मात्र तुझ्या मनाने उत्तर दे. माझ्या नाही, मायच्या नाही, आणि यांच्या तर मुळीच नाही; ते बैलाच्या बाजूचे आहेत.

थंडी फार आहे, कानाला बांधत जा. माया कमी करू नये, मी करणार नाही.

तुझी
रुख्मा


॥ श्री ॥
केशोरी, ता. ३० डिसेंबर १९३६

चि. श्यामलाल यास दुधरामचे अ. उ. आ. वि. वि. हे पत्र भाऊजी सांगतात आणि मी लिहिते. त्यांनी लिहायला शिकावं म्हणून मी अकरा वर्षं मागे लागले आहे. आता इतकं बोलायचं आहे तर हात दुखतो माझा.

ते म्हणतात की मी अर्जुनीला गाडीत बसलो आणि गोंदियाला जाऊन टिकल्याला पाहून आलो. (कामाला जातो सांगून गेले होते. रुख्मा.) त्याची दशा पाहवत नाही. मिलच्या आवारात बांधला आहे. भोंगा वाजला की थरथरतो, कोंड्याचा धुरळा सारखा अंगावर. सेठनी डॉक्टर आणला, गूळ-तूप ठेवलं, पण चारा हुंगतो आणि तोंड फिरवतो. पटाच्या सरावाला नेला तर जोडीतला दुसरा बैल पळाला आणि हा खाली बसला. सेठ म्हणतात की मालगुजारने फसवलं. मी त्याच्या कानामागे खाजवलं आणि बोदलकशाचं नाव घेतलं, तर कान टवकारले त्याने. (हे सांगताना यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुख्मा.)

तुमचा मंगरू भेटला. त्याने सांगितलं की तुझ्या जागी खेळणारा पोरगा अजून डावा-उजवा विसरतो आणि सेठ मैदानावर येऊन डोक्याला हात लावतात. मला वाटतं सेठ लवकरच काही तरी बोलणं लावतील. तू सावध राहा आणि दूध पीत जा.

कृपा टिकल्यावर आणि तुझ्यावर सारखीच आहे.

दुधराम (अंगठा), लिहिणार रुख्मा


॥ श्री ॥
बोदलकसा, ता. ५ जानेवारी १९३७

ति. रुख्माबाई आणि ति. भाऊजी यांस श्यामलालचा शि. सा. न. वि. वि. दोन्ही पत्रे पोचली. बाई, तुझे पत्र मी कोणाला दाखवले नाही. तळ्याकडच्या लुचईबद्दल भाऊजींना काही विचारणारही नाही.

तुझ्या सांगण्यासारखे केले. संध्याकाळी मालगुजार बांधावर येऊन बसले तेव्हा एका दमात सांगून टाकले. म्हटले, मला विचारले नाही म्हणून मी खेळत नाही. ते माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले की हे आपल्या ध्यानातच आले नाही. आपल्याला वाटले होते गोंदियाच्या विजेच्या दिव्यांवाचून तुला करमत नाही. सासूबाईंची लवंग आठवली मला!

पुढची गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी चुन्नीलाल सेठचा मुनीम हजर. भाऊजींचा होरा बरोबर ठरला. बैल परत घ्या आणि आमचा आदमी वापस द्या, संक्रांतीच्या आधी, असा निरोप. सुलोचनाबाई आतून ऐकत होत्या, त्यांचा चेहरा लखलखला. मुनीमने गाडीही बरोबर आणली होती आणि मला वळकटी बांधायला सांगितले. तेवढ्यात मालगुजारांनी त्याला हात करून थांबवले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, टिकल्या परत आला तर या घराला हवाच आहे, महिनाभर इथे कोणी धड जेवलेले नाही. पण मागच्यासारखे तुला गाडीत घालून पाठवणार नाही. तुला जायचे आहे का राहायचे आहे?

बाई, हातातली वळकटी मी खाली ठेवली. मी एक दिवसाची मुदत मागितली. मुनीमला हे फार विचित्र वाटले. त्याने मला मुदत मागताना कधी पाहिले नव्हते. तो दिवस मी रिकाम्या गोठ्यात बसून काढला. गोंदियाला मंगरू आहे, मैदान आहे, टाळ्या आहेत. पण गेलो तर पुन्हा बदल्यातच जाईन. राहिलो तर टिकल्या तिकडे उपाशी मरेल. मला त्याचा राग यायचा तो कुठे गेला कोण जाणे! तो पण बिचारा मुकाट्याने गेला होता.

म्हणून मी उत्तर दिले ते असे. अदलाबदल नाही. संक्रांतीला सामना आहेच. आम्ही जिंकलो तर टिकल्या घरी येईल आणि मी माझ्या मर्जीने जिथे राहायचे तिथे राहीन. हरलो तर बैल तुमचाच आणि मीही गोंदियाला चालत येईन, पुन्हा तोंड उघडणार नाही. मालगुजार म्हणाले की हा धोका फार मोठा आहे. मी म्हटले, आहे, पण या वेळी मला डावावर लावणारा मी आहे. सेठ हे ऐकून पोट धरून हसले म्हणे आणि लगेच हो म्हणाले. आमची टीम त्यांनी पाहिलेली आहे.

काल शपथ मोडली. बांधीचे बांध नाहीत असे समजून खेळा, हे शिकवता शिकवता घसा बसला. जमत नाही. चेंडू मारतात आणि तो परत यायची वाट पाहत उभे राहतात. हातात आता आठ दिवस आहेत.

आशीर्वाद द्यावा, या खेपेला तो खरोखर लागणार आहे.

तुझा
श्यामलाल


॥ श्री ॥
बोदलकसा, ता. १७ जानेवारी १९३७

ति. रुख्माबाई, ति. भाऊजी आणि ति. माय यांस श्यामलालचा शि. सा. न. वि. वि. भाऊजी सामन्याला आले असते तर मला एवढे लिहावे लागले नसते. खळ्यावर धान चुरायचे होते हे मान्य.

सेठनी टिकल्याला झूल घालून मैदानाच्या कडेला चिंचेखाली आणून बांधले होते. आम्हाला खिजवायला. हाडे वर आलेली, मान खाली. सुलोचनाबाई गाडीतून आल्या होत्या, त्यांनी त्याला पाहिले आणि डोक्यावरचा पदर सारखा करून थेट मैदानाकडे तोंड करून बसल्या. मग कोणाची हरायची छाती होणार?

तरी हाफ टाईमपर्यंत आम्ही हरत होतो. एक गोल बसला. आणि चेंडू! बांध नाही त्यामुळे सारखा बाहेर. आमच्या पोरांनी मारला की बाहेर, आणि त्यांना हसता हसता गोंदियावाल्यांनीही बाहेर मारायला सुरुवात केली. लोक तर गडबडा लोळत होते. पाणी पिताना सुकराम खाली मान घालून बसला होता. मला म्हणाला की आपल्याला पाय नाही, नुसते हात आहेत, आपल्याला काढून टाका. ते ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चेंडू बाहेर गेला की तो हातानेच तर आत टाकतात! मी त्याला म्हटले, दोन्ही पाय जमिनीवर ठेव, चेंडू डोक्यावरून घे आणि तलावात दूरवर जाळे टाकतोस तसा टाक.

बाई, त्याने टाकला! रेघेवरून थेट त्यांच्या गोलच्या तोंडाशी. एवढा लांब हाताने टाकलेला चेंडू गोंदियात कोणी पाहिला नव्हता. पहिल्यांदा मीच पाहत राहिलो. दुसऱ्यांदा डोके घातले आणि गोल झाला. मग गोंदियावाले चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून असे घाबरले की त्यांचा खेळच विसकटला. शेवटी शेवटी चेंडू माझ्या पायात आला आणि समोर एकटा मंगरू. त्याला माझा डावा पाय पाठ आहे, चार वर्षे त्याने तोच अडवला. त्याने तिकडे झेप घेतली आणि मी उजव्याने मारला. शिट्टी झाल्यावर तो धावत माझ्याकडे आला तो मारायलाच येतोय असे वाटले. मिठी मारली आणि कानात शिवी दिली.

सेठ शब्दाला जागले. पुढच्या फेरीत आम्ही हरलो, शिल्ड दुसरेच घेऊन गेले, पण त्याचे इथे कोणाला काही नाही. निघताना सेठ मला म्हणाले की कभी मन हुआ तो आ जाना, आणि जरा थांबून विचारले, येशील का? मी म्हटले, विचार करून कळवतो. मला हल्ली ते वाक्य फार आवडते.

टिकल्याला गाडीमागे बांधू दिले नाही. त्याचे दावे हातात घेऊन मी पूर्ण रस्ता त्याच्याबरोबर चालत आलो. वेशीवर सगळे गाव उभे होते. मला वाटले आता मला खांद्यावर घेतात! सगळे माझ्या अंगावरून टिकल्याकडे धावले. सुलोचनाबाईंनी घास पुढे केला आणि त्याने तो खाल्ला. गोल कोणी मारले हे विचारायचेच राहून गेले लोकांचे.

मी सध्या इथेच राहणार आहे. स्वतःच्या मर्जीने. सुकरामला पायही आहेत, ते त्याला शिकवायचे आहेत. मायला सांग, टिकल्या आला तरी दूध चालू आहे.

जसा लोभ आहे तसाच राहू द्यावा, त्याला हलवू नये.

तुझा
श्यामलाल


॥ श्री ॥
केशोरी, ता. २४ जानेवारी १९३७

चि. श्यामलाल यास रुख्माचे अ. उ. आ. वि. वि. पत्र खळ्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं, दोनदा. माय दोन्ही वेळा एकाच जागी रडली, बैलाने घास खाल्ला तिथे. तुझ्या गोलांना रडली नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. प्रेमिला वहिनी आली होती, तिने मालगुजार तुला विचारतात तो जुन्या पत्रातला मजकूर पुन्हा वाचायला लावला.

मग सगळे गेले. हे धान पाखडत होते. हात थांबवून मला म्हणाले की रुख्मा, तेव्हा तुले कोणी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असती?

अकरा वर्षांनी रे! मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, एक दिवसाची मुदत द्या. तुझ्याचकडून शिकले. आज चौथा दिवस आहे. चार दिवस हा माणूस न सांगता पाण्याच्या घागरी भरतो आहे, चुलीपाशी लाकडं आणून ठेवतो आहे, आणि माझ्या तोंडाकडे बघतो आहे. काल तर विचारत होते की यंदा तळ्याकडच्या बांधीत लुचई टाकायची का. आणखी काही दिवस वाट पाहू दे त्यांना, मला फार बरं वाटतं आहे.

तुला म्हणून सांगते, मी हो म्हणाले असते.

हे पत्र टपालात टाकायला तेच आता अर्जुनीला निघाले आहेत. बंडीचा आतला खिसा त्यासाठी रिकामा करून ठेवला आहे त्यांनी. वाचता येत नाही, म्हणून काय लिहिलंस हे मला दोनदा विचारून झालं.

तुझी
रुख्मा